दोन बाजूंची बहुभुजाकृती का नसते? सहावीतल्या मुलीला कसं समजावू?

‘बहुभुजाकृतीला, म्हणजे सरळ बाजूंच्या बंद आकृतीला, किमान तीन बाजू लागतात असं पुस्तकात दिलंय’ एवढ्यावर तुमची मुलगी गप्प बसली नाही, याचा मला फार आनंद झाला. मी जालन्यात पाचवी ते आठवीच्या मुलांच्या गणिताच्या शिकवण्या घेतो. हा प्रश्न आला की मी फळ्याकडे जात नाही, तुराट्या, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्या, काढतो.

तिला दोन सरळ तुराट्या द्या आणि म्हणा, ‘आत ठेवलेल्या मुंगीला काडी ओलांडल्याशिवाय बाहेर पडता येऊ नये असं कुंपण कर.’ एकीकडची टोकं जुळवली की दुसरीकडची फाकतात. तीही जुळवायला गेलं की काड्या एकमेकींवर बसतात आणि मुंगीला जागाच उरत नाही. सपाट कागदावर दोन वेगळ्या सरळ रेषा फार तर एकदाच भेटतात, आणि कुंपण बंद व्हायला त्यांनी दोनदा भेटायला हवं. सगळी अडचण एवढीच आहे. म्हणून तिसरी काडी लागते आणि त्रिकोणापासून सुरुवात होते. वर्तुळाचं कुंपण बंद असतं, पण त्यात सरळ तुकडाच नाही, म्हणून ते बहुभुजाकृतीत येत नाही.

इथे थांबू नका. ५, ५ आणि १२ सेंमीच्या काड्या देऊन त्रिकोण करायला सांगा. होणार नाही, कारण दोन लहान काड्या मिळून मोठीला पुरत नाहीत. १२ ऐवजी १० सेंमीची दिली तर टोकं जुळतील, पण तिन्ही काड्या एका ओळीत आडव्या पडतील. म्हणजे किमान तीन बाजू हव्यात हे खरं, पण कोणत्याही तीन चालत नाहीत. हे मुलांना स्वतःच्या हातांनी सापडू द्यावं असं मला मनापासून वाटतं.

परीक्षेत ‘किमान किती बाजू?’ याचं उत्तर ३ च लिहायचं. पण घरी मोसंबी असेल तर पुढची गंमत दाखवाच. देठापासून बुडापर्यंत उभे चार सारखे भाग करा आणि एका भागाची साल बघा: टोकं दोन, कडा दोन, आणि मधे चांगली ऐसपैस जागा! कड आपल्याला वाकडी दिसते, पण देठावरून निघालेली मुंगी डावी-उजवीकडे न वळता चालली तर अशाच वाटेने बुडाशी पोचेल. सालीवरची सरळ वाट तीच. गोलावर अशा दोन वाटा समोरासमोरच्या दोन बिंदूंत भेटतात, त्यामुळे तिथे दोन बाजू पुरतात. या सालीचे दोन्ही कोन ९० अंशांचे असतात.

पृथ्वीच्या गोलावर ७५° आणि ७६° पूर्व रेखावृत्तं तिला दाखवा. ध्रुवापासून ध्रुवापर्यंतची ही पट्टी दोन बाजूंचीच आहे. जालन्याच्या अक्षांशावर ती सुमारे १०५ किमी रुंद आहे, आणि जालना, बीड, छत्रपती संभाजीनगर ही तिन्ही शहरं तिच्यात बसतात.