चुंबकाचा परिणाम बघायचाय? मेथी ठेवा बाजूला, गाळ आणा

चुंबकाजवळ मेथीचे दाणे लवकर उगवतात का, हा प्रयोग सुरुवातीला करू नका. दाण्यादाण्यात फरक असतो, पाणी-ऊब कमीजास्त होते. शेकडो दाणे लावून, कुठला वाफा चुंबकाचा हे माहीत नसलेल्या माणसाकडून मोजून घेतल्याशिवाय आकड्यांना अर्थ नाही.

त्यापेक्षा तळ्यातला गाळ आणा, त्यात चुंबकाची दिशा ओळखून पोहणारे जिवाणू असतात. बरणीत अर्धा गाळ, वर तळ्याचंच पाणी, झाकण सैल, अंधूक जागा. दोन-तीन आठवडे हलवूसुद्धा नका. मग गाळाच्या किंचित वर, बरणीला बाहेरून चुंबकाचं दक्षिण टोक लावा. तासाभराने तिथलंच पाणी ड्रॉपरने घ्या आणि थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरा. शेजारी चुंबक ठेवला की थेंबाच्या कडेला ठिपक्यांची, म्हणजे जिवाणूंची, गर्दी होते. चुंबक फिरवा, सगळे एकदम वळून पलीकडे निघतात! इतकी वर्षं बघतोय, तरी दर वेळी अंगावर काटा येतो.

हे जिवाणू सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ रिचर्ड ब्लेकमोर यांनी 1975 मध्ये जगापुढे आणले. या जिवाणूंच्या पोटात मॅग्नेटाइटच्या (लोखंडाच्या चुंबकीय खनिजाच्या) कणांची माळ असते, होकायंत्राच्या सुईसारखी. चुंबक त्यांना ओढत नाही, फक्त दिशा देतो. पोहतात ते स्वतः. आपल्या गोलार्धात पृथ्वीच्या चुंबकत्वाची दिशा त्यांना खाली, कमी ऑक्सिजनच्या थराकडे नेते.

एक खबरदारी घ्या. लोखंडाची धूळ चुंबकाच्या दोन्ही टोकांकडे ओढली जाते, जिवाणू मात्र टोक बदललं की उलटे जातात. मी सुरुवातीला ही तपासणी न करता धुळीचीच वही भरली होती.