पाच टक्के कोणाच्या खिशात?

अनेक आशीर्वाद.

सीप्झमध्ये, म्हणजे मुंबईतल्या निर्यात क्षेत्रात, दागिने एक्स्पोर्ट करणाऱ्या कंपनीत तुला डॉक्युमेंटेशनचं काम मिळालं, छान झालं. पण ‘व्यापार करार म्हणजे दिल्लीवाल्यांचं काम, मला काय त्याचं’ हे तुझं म्हणणं काही पटलं नाही.

दुबईचंच घे. यूएईशी आपला करार १ मे २०२२ ला लागू झाला. त्याआधी आपल्या दागिन्यांवर तिकडे ५ टक्के ड्युटी होती, ती शून्य झाली. म्हणजे एक कोटीच्या मालावर पाच लाख. मात्र ही सवलत मागावी लागते, आणि मागायची ती सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन दाखवून. कराराच्या अटीत बसेल इतकं काम भारतात झालंय, याचा तो दाखला. बाहेरून आणलेला तयार दागिना इथे नुसता पॉलिश करून डबीत घातला तर तो आपला होत नाही. म्हणून सोनं कुठून आलं, कोणत्या जॉबवर्कवाल्याकडे गेलं, त्याची बिलं फायलीत हवीतच. इन्व्हॉइसवर एक एचएस कोड, म्हणजे मालाच्या वर्गवारीचा आकडा, आणि सर्टिफिकेटवर दुसरा, एवढ्यावरूनही सवलत अडकते. मग पार्टीचा फोन थेट तुमच्या साहेबांना.

आता ड्युटी भरतो कोण? तिकडचा पार्टीवाला. त्यामुळे वाचलेले पैसे आधी त्याच्याच खिशात राहतात. भाव ठरवताना आपल्या माणसाने घासाघीस केली तरच त्यातलं थोडंफार इकडे येतं. कारागिराच्या पगारात ते क्वचितच दिसतं. त्याला मिळतं ते काम: सेटिंगला दोन माणसं जास्त, सणाच्या तोंडावर ओव्हरटाइम. माझ्या मते कामगाराला कराराचा खरा उपयोग एवढाच, आणि तो काही कमी नाही. अमेरिकेने २७ ऑगस्ट २०२५ पासून आपल्या बहुतेक मालावर एकूण ५० टक्के जादा ड्युटी बसवली, तेव्हा काम नसणं म्हणजे काय ते दागिन्यांच्या धंद्याने पाहिलं. तिच्याशी आपला असा करार नव्हता. असता तरी वाचलो असतो असं छातीठोक सांगत नाही. दक्षिण कोरियाचा अमेरिकेशी होता, तरी त्यांनाही फटका बसलाच.

दार दोन्हीकडून उघडतं, हेही विसरू नकोस. मिश्रधातूत वजनाने २ टक्के प्लॅटिनम असलं की कस्टमच्या वर्गवारीत तो प्लॅटिनमचा. मग बाकी जवळजवळ सगळं सोनं असलेला माल, प्लॅटिनमच्या सवलतीने दुबईहून इकडे यायला लागला! सरकारला आयातीवर निर्बंध घालावे लागले. करारातली एक ओळ नीट न वाचल्याची किंमत ही अशी.

ब्रिटनच्या करारावर २४ जुलै २०२५ ला सह्या झाल्या. सही वेगळी, लागू होणं वेगळं. यूएईच्या वेळीही मध्ये दोन महिन्यांहून जास्त गेले होते. साहेब कधी सवलत विचारतील तर आधी लागू झाल्याची तारीख बघ, मग चॅप्टर ७१ मधल्या, म्हणजे एचएस कोडच्या दागिन्यांच्या प्रकरणातल्या, तुमच्या मालाच्या ओळी. शनिवारी घरी ये, त्या कराराची प्रिंट घेऊन ये. चहा होईपर्यंत पहिली दोन पानं होतील.