धुतल्यानंतर पंखा डुलतोय? पाती आधी काट्यावर ठेवा

भाऊ, दिवाळीच्या साफसफाईत पाती काढून धुतली, परत बसवली आणि तेव्हापासून पंखा 3 नंबरच्या पुढे डुलतो, दुकानदार म्हणतो नवीनच घ्या, असं तुम्ही लिहिलंय. इतक्यात घेऊ नका. आमच्याकडे जळगावात हेच दुखणं ऐन मे महिन्यात निघालं होतं, आणि पारा 45 च्या घरात असताना पंखा 2 वर ठेवून झोपणं म्हणजे काय ते खान्देशातल्या माणसाला सांगायला नको.

मेन बंद करणं, बोल्ट आवळणं हे तुम्ही केलंच असेल. माझा मुद्दा वजनाचा आहे. पंख्याची तिन्ही पाती वजन जुळवून दिलेला एक संच असतो. आमचं एक पातं रंगकामात शिडी लागून वाकलं, तर सर्व्हिस सेंटरवाल्यांनी (नाव घेत नाही) तेवढं एकच बदलून दिलं आणि पैसे घेतले. पंखा आधीपेक्षा जास्त हलायला लागला. मग त्यांची उत्तरं ऐका: ‘थोडा तर हलतोच’, नंतर ‘तुमच्या स्लॅबचा हुकच वाकडा आहे’, शेवटी ‘पाती वॉरंटीत बसत नाहीत’. माणूस पाठवतो म्हणायचं, आपण दिवसभर घरी थांबायचं, संध्याकाळी फोन उचलायचा नाही. हुक सरळ करायच्या नादात स्लॅबचं प्लास्टर फुटलं तो खर्च वेगळाच.

शेवटी तिन्ही पाती उतरवली आणि गल्लीतल्या किराणा दुकानात काट्यावर ठेवली. शेठ म्हणे, पंखा किलोवर विकता का? दोन पाती जवळपास सारखी, नवीन मात्र वीसेक ग्रॅमनी जड. रंग तोच, लांबी तीच, पत्रा तेवढा जाड. पूर्ण संच बसवला आणि हलणं थांबलं. म्हणून सुटं पातं घेऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

तुम्ही दोन खोल्यांचे पंखे एकत्र धुतले होते का? तसं असेल तर पात्यांची अदलाबदल झाली असणार. वजन करा, उत्तर मिळेल. पुढच्या वेळी काढण्याआधी पात्यावर आणि मोटरवर मार्करने 1, 2, 3 टाका.

वजन जुळलं तरी डुलतोय? मग छतापासून पात्याच्या टोकापर्यंत एक काठी धरा आणि हाताने पंखा फिरवत तिन्ही टोकं त्याच जागी मोजा. चार-पाच मिलिमीटरपेक्षा जास्त फरक म्हणजे पात्याची पट्टी (पातं मोटरला जोडणारा लोखंडी भाग) वाकली आहे. ती पट्टी धरून हलक्या हाताने वाकवा, पातं ओढू नका.

नाण्याचा उपाय सगळेच सांगतात. रुपयाचं नाणं 3-4 ग्रॅमचं असतं, पात्याच्या वरच्या बाजूला मधोमध चिकटवून एकेक पातं तपासायचं. ज्यावर हलणं कमी होईल त्यावर नाणं आत-बाहेर सरकवायचं, टोकाकडे तेच वजन जास्त काम करतं. पण हे फक्त अंदाजापुरतं, तेही हळू स्पीडवर आणि खाली कोणी नसताना. 48 इंची पंखा फुल स्पीडला मिनिटाला 350 च्या आसपास फेरे घेतो, म्हणजे टोकाचा वेग ताशी 80 किलोमीटरच्या घरात. चिकटपट्टी सुटली तर नाणं डोळ्यावर येईल. जागा सापडली की तेवढ्याच वजनाचा वॉशर एम-सीलने पक्का बसवा.

जिनिंगजवळ (कापसातून सरकी काढतात तो कारखाना) राहत असाल तर कापसाच्या हंगामात पात्याच्या कडेला रुईचा थर बसतो आणि तो तिन्हींवर सारखा नसतो, तेवढ्यानेही पंखा हलतो. जुनं धाब्याचं (मातीच्या सपाट छताचं) घर असेल तर मात्र पात्यांना हात लावायच्या आधी लाकडी सरीतला (छताच्या तुळईतला) हुक बघा. तिथे हुक सैल असेल तर पंखा चालवूच नका.

मी वायरमन नाही, घरच्या अनुभवावरून सांगतोय. छताजवळचा झाकणाचा कप खाली सरकवून रबर बुश (पंखा हुकाला टांगतो तिथलं रबर) आणि काटा पिन (बोल्ट निसटू नये म्हणून घातलेली) जागेवर आहे का तेवढं कळवा. बुश झिजलेला असेल तर पात्यांचा काही दोष नाही, आणि तो हार्डवेअरच्या दुकानात किरकोळ किमतीत मिळतो.