क्यांती, ब्रुस्केत्ता, गुच्ची : इटालियन नावं मराठीत लिहिताना

प्रश्न असा आहे : ‘इटलीतल्या एकाच वाइनचं नाव कुठे चिआंती, कुठे कियांती, तर कुठे चक्क शिआंती वाचलं. ब्रुशेटा आणि ब्रुस्केटा दोन्ही दिसतात. फॅशनवाल्यांची आणि लेखकांची नावं तर विचारूच नका. मराठीत नेमकं काय लिहावं?’

क्यांती लिहा. आणि भाजलेल्या पावाच्या त्या पदार्थाला ब्रुस्केत्ता.

गोंधळ होतो तो त्यातल्या ‘एच’मुळे. इटालियनमध्ये या अक्षराला स्वतःचा आवाज नाही. ई किंवा आय पुढे आला की ‘सी’चा च होतो आणि ‘जी’चा ज. तो होऊ द्यायचा नसेल, तर मध्ये एच बसवतात. म्हणून सी-एच म्हणजे क, जी-एच म्हणजे ग. स्पागेत्तीला आपण ‘स्पॅघेटी’ करतो, त्यातला घ या एचला ह समजल्यामुळे आलेला आहे. एस-सी-एच म्हणजे स्क, तेव्हा ब्रुस्केत्तात श नाही. फॅशनमधला मोस्कीनोही तसाच.

आय हे अक्षर याच्या बरोबर उलट काम करतं. आ, ओ, ऊ यांच्या आधी ते बऱ्याचदा फक्त च-ज करण्यापुरतं असतं, उच्चारात ऐकू येत नाही. ‘जिऑर्जिओ’ नव्हे, जॉर्जो आर्मानी. 1921 साली फ्लॉरेन्समध्ये दुकान काढणाऱ्या गृहस्थांचं नाव होतं गुच्चो गुच्ची. आडनावातला आय ऐकू येतो, कारण तो शेवटचा स्वर आहे. नावातला येत नाही, कारण त्याच्यापुढे ओ आहे. पुस्तकांच्या कपाटातही अशी एक जोडी सापडते : लाकडी बाहुला पिनोक्क्यो आणि जुना कथाकार बोक्काच्चो. फरक एका एचचा. (कादंबरीकार उंबेर्तो एकोंना ‘इको’ म्हणणाऱ्यांनी मात्र एचवर खापर फोडू नये.)

आता दुसरी गोष्ट, आणि माझ्या मते जास्त महत्त्वाची. जोडाक्षरं गाळू नका. इटालियन माणूस दोनदा लिहिलेलं व्यंजन खरोखर थांबून, दाबून म्हणतो, आणि त्यावर अर्थ ठरतो. कासा म्हणजे घर, कास्सा म्हणजे गल्ला. नोनो म्हणजे नववा, नोन्नो म्हणजे आजोबा. पास्ताचा एक प्रकार आहे पेन्ने. त्यातला एक न खाल्लात तर वेटर हसू दाबेल आणि का, ते सांगणार नाही. इंग्रजीला ही दुहेरी व्यंजनं शब्दाच्या पोटात ऐकूच येत नाहीत, त्यामुळे इंग्रजीमार्गे आलेल्या नावांतून ती गळतात. ‘हला’ आणि ‘हल्ला’ यांतला फरक ज्याला कोणी शिकवावा लागत नाही, त्याने हे नुकसान का सोसायचं?

याचं उत्तम उदाहरण सोलापूर जिल्ह्यातच आहे. अकलूजजवळच्या वाइनरीचं नाव फ्रातेल्ली, म्हणजे भाऊभाऊ; इटलीतल्या भावांच्या एका जोडीने आणि इथल्या दोन जोड्यांनी मिळून ती काढली. सांजोवेझे हे क्यांतीचं मुख्य द्राक्षही तिथे लावलं. त्यांच्या एका लाल वाइनचं नाव आहे सेत्ते, म्हणजे सात. एकच त म्हटलात तर सेते होतं, म्हणजे तहान. वाइनच्या बाबतीत तेही चालून जाईल म्हणा, पण बाटलीवर सातच लिहिलं आहे.

या सेत्तेत आपल्या कामाचं बरंच काही आहे. लॅटिनमध्ये सात म्हणजे सेप्तेम. त्यातला प्त इटालियनने त्त केला. आपल्याकडे संस्कृत ‘सप्त’चं प्राकृतात ‘सत्त’ झालं, मग मराठीने एक त सोडून आधीचा स्वर लांबवला : सात. इटालियन त्या प्राकृताच्या पायरीवरच थांबली. लॅटिन ओक्तोचा ओत्तो (आठ) झाला, तसा आपल्याकडे अष्टचा अट्ठ आणि मग आठ. दुधाला इटालियनमध्ये म्हणतात लात्ते. मूळ लॅटिन रूप लाक्तेम. क्तचा त्त कसा होतो ते भक्त-भत्त-भात म्हणून पाहिलं की कळतं. कॅफेच्या फळ्यावर जेव्हा ‘लाटे’ लिहिलेलं दिसतं, तेव्हा कॉफीपेक्षा समुद्र आठवतो. (इटलीत नुसतं लात्ते मागितलं तर पुढ्यात दुधाचा ग्लास येतो, हेही लक्षात असू द्या.)

बारोलो ही वाइन ज्या द्राक्षाची, त्या नेब्ब्योलोचं नाव ‘नेब्ब्या’ म्हणजे धुकं यावरून पडलं असं मानतात. आणि नेब्ब्या आपल्या ‘नभा’ची लांबची बहीण आहे. संस्कृतात नभस् म्हणजे धुकं, ढगही. तेव्हा दोन ब राहू द्या.

ट-ड आणि ॲ दिसले की सावध व्हा. इटालियन त-द आपल्यासारखे दंत्य आहेत आणि ॲ हा स्वर त्या भाषेत नाहीच. ‘मॅकियाव्हेली’ हे इंग्रजी वळण, मूळ उच्चार माक्याव्हेल्ली. ‘वर्साची’ नाही, वेर्साचे. जी-एन म्हणजे जवळजवळ आपला ञ. बटाट्याच्या छोट्या गोळ्यांचा जो पदार्थ असतो, त्याला ञोक्की असं लिहायला मला फार आवडेल, पण वाचणारे अडखळतील; न्योक्की लिहा. जी-एल-आय म्हणजे ल्य : लांब पट्ट्यांचा पास्ता ताल्यातेल्ले. अनेकवचनाच्या वादात मी पडणार नाही. सँडविचचं मूळ एकवचन पानीनो, आपण एकालाही पानीनी म्हणतो. पाणिनीने त्यासाठी सूत्र केलेलं नाही.

राहिला पिझ्झा. त्यातले दोन झेड म्हणजे मुळात त्स. म्हणजे ‘चूक’, ‘चाक’मधला आपला दंततालव्य च, जो हिंदीवाल्यांना जमत नाही आणि आपल्याला फुकट मिळालेला आहे. पण लिपीत दोन्ही च सारखेच दिसतात, आणि ‘पिच्चा’ लिहिलं तर लोक पिच्छा वाचतील. पित्सा लिहिणं बरोबर आहे, तरी मी ते लिहिणार नाही. पिझ्झा आता आपल्या गल्लीतला शब्द झाला आहे, तो तसाच राहू द्यावा. त्यावरच्या चीजचं मात्र अजून काही ठरलेलं नाही : मोझरेला, मोझ्झारेला, मोझेरेला, जो तो आपल्या मनाने लिहितो. तिथे आत्ताच मोत्सारेल्ला लिहायला लागू या.