कॉलेजात गाजलेले सेंटर एनबीएत का चालत नाहीत? "नुसती उंची" म्हणणाऱ्यांना माझं उत्तर

प्रश्न असा विचारलाय: "अमेरिकन कॉलेज बास्केटबॉल गाजवणारे उंच सेंटर एनबीएत गेल्यावर का चालत नाहीत? कॉलेजात नुसत्या उंचीवर निभावतं म्हणून का? झॅक ईडीचं काय होईल?"

त्यातलं "नुसत्या उंचीवर" वाचलं आणि जेवण तसंच ठेवून लिहायला बसलो. (सेंटर म्हणजे रिंगजवळ खेळणारा, सहसा टीममधला सगळ्यात उंच खेळाडू. एनबीए ही अमेरिकेची व्यावसायिक लीग. आणि ईडी म्हणजे पर्ड्यू कॉलेजचा गाजलेला सेंटर.)

मी दहावीत 6 फूट 3 इंच होतो. पुण्यात आमच्या शाळेचं सिमेंटचं कोर्ट, रिंगला जाळी नाही, लाकडी बोर्डाचा एक कोपरा पावसाने फुगलेला. टीमचे सर मला सगळ्यांच्या आधी अर्धा तास बोलवायचे आणि रिंगखाली उभं करून एकच काम द्यायचे, डाव्या बाजूने डाव्या हाताने बोर्डावर, बॉल पडायच्या आत पकडायचा, उजव्या बाजूने उजव्या हाताने, परत डावीकडून, असे शंभर. त्यात बॉल हनुवटीच्या खाली आणायचा नाही. आला की सर मागून येऊन खालून थाप मारायचे आणि बॉल पार गेटपर्यंत जायचा, तो आणायला मीच पळायचं आणि मोजणी परत एकपासून. घरी जाईपर्यंत बोटं काळी झालेली असायची आणि खांदे इतके भरून यायचे की डोक्यावरून शर्ट काढता यायचा नाही. आणि हे सगळं करून मॅच जिंकली की माझा आतेभाऊ, जो आमच्याच कोर्टवर पॉइंट गार्ड (बॉल पुढे नेऊन खेळ चालवणारा) खेळून मोठा झाला आणि माझ्याहून पाच वर्षांनी मोठा आहे, तो म्हणणार, "तुला काय रे, नुसता हात वर करायचा." घरातल्या प्रत्येक लग्नात, प्रत्येक गणपतीत हेच वाक्य. आता तो न्यू जर्सीत असतो, हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

सर ज्याला "डावी-उजवी" म्हणायचे त्याला जगभर मायकन ड्रिल म्हणतात हे मला फार उशिरा कळलं. जॉर्ज मायकन, 6 फूट 10 इंच, जाड भिंगाचा चष्मा, शिकागोच्या डीपॉल कॉलेजात आला तेव्हा धड पळताही येत नव्हतं. त्याच्या कोचने त्याला दोरीवरच्या उड्या मारायला लावल्या, बॉक्सिंग करायला लावलं, नाचायलासुद्धा लावलं, आणि त्यातून अमेरिकेतला पहिला मोठा सेंटर तयार झाला. मग लोकांनी काय केलं? नियम बदलले. खाली येणारा बॉल रिंगवरून अडवायचा नाही असा नियम कॉलेजात 1944 मध्ये आला. 1951 मध्ये एनबीएने रिंगखालचा पट्टा, ज्यात हल्ला करणाऱ्याला तीन सेकंदांच्या वर थांबता येत नाही, 6 फुटांचा 12 फूट केला. विल्ट चेंबरलेन आल्यावर 1964 मध्ये 12 चा 16 केला. करीम अब्दुल-जब्बार कॉलेजात असताना, तेव्हा तो ल्यू अल्सिंडॉर होता, 1967 मध्ये कॉलेज बास्केटबॉलमध्ये डंकवरच (उडी मारून बॉल वरून रिंगमध्ये कोंबणं) बंदी आणली ती 1976 पर्यंत. उंच माणसाला आवरायला चार वेळा खेळ बदलावा लागला आणि तरी लोक म्हणणार नुसती उंची.

असो. मी 2022 ते 24 पर्ड्यूला एमएस केलं, वेस्ट लाफायेट, इंडियाना. म्हणजे ईडीची शेवटची दोन वर्षं मी मॅकी अरेनात स्टुडंट तिकिटावर बघितलेली आहेत, हायलाइट्समध्ये नाही. 7 फूट 4 इंच, वजन 300 पौंडांच्या घरात. पहिल्यांदा बघितला तेव्हा माझं लक्ष त्याच्या उंचीकडे गेलंच नाही, हातांकडे गेलं. पास वर पकडायचा आणि बॉल वरच ठेवायचा. दोन जण लोंबकळलेत, एक जण खालून हात मारतोय, पण बॉल हनुवटीच्या खाली येत नाही म्हणजे नाही. मला आमचे सर आठवले आणि घशात आवंढा आला, खोटं नाही सांगत. हा मुलगा टोरांटोचा, लहानपणी आइस हॉकी आणि बेसबॉल खेळणारा, बास्केटबॉलला हायस्कूलमध्ये लागला, म्हणजे जे काही आहे ते पाच-सहा वर्षांत शिकलेलं. कॅनडाचा असल्यामुळे तोही स्टुडंट व्हिसावर. 2021 पासून कॉलेजच्या खेळाडूंना जाहिरातींचे पैसे घेता येतात, बाकीचे कमावत होते आणि देशातल्या सगळ्यात मोठ्या खेळाडूला व्हिसामुळे ते नीट घेता येत नव्हते. एफ-1, म्हणजे त्याच स्टुडंट व्हिसावर असलेल्या आम्हा सगळ्यांना तो आपलाच वाटायचा.

आता ती रात्र. 17 मार्च 2023, शुक्रवार. कॉलेजांची राष्ट्रीय बाद पद्धतीची स्पर्धा, जिच्यात पहिलं मानांकन सगळ्यात तगड्या टीमला आणि सोळावं सगळ्यात कमकुवत टीमला. आमचं पर्ड्यू पहिलं मानांकन आणि समोर सोळावं मानांकन, फेअरले डिकिन्सन. डिव्हिजन वन, म्हणजे कॉलेज बास्केटबॉलच्या सगळ्यात वरच्या पातळीवरच्या 363 टीममधली सरासरी उंचीने सगळ्यात बुटकी टीम. आम्ही सात जण एका अपार्टमेंटमध्ये, पावभाजी केलेली, पहिल्या हाफनंतर ती कोणी खाल्ली नाही. एक जण ईडीच्या पुढे, एक मागे, आणि बाहेर मोकळे उभे असलेल्यांचे थ्री (लांबून मारलेले तीन पॉइंटचे शॉट) पडेनात. ईडीने 21 पॉइंट आणि 15 रिबाउंड (चुकलेल्या शॉटचे पकडलेले बॉल) घेतले आणि तरी 63-58 ने हरलो. पुरुषांच्या स्पर्धेच्या इतिहासात पहिल्या मानांकनाला सोळाव्याने हरवायची ही फक्त दुसरी वेळ. फेअरले डिकिन्सन कुठलं, तर न्यू जर्सीचं. शिटी वाजल्यावर दोन मिनिटांत दादाचा, म्हणजे त्याच आतेभावाचा मेसेज: "बघ, उंची पुरत नाही." बाहेरचे थ्री चुकले त्याचा हिशोब मात्र कुणी गार्डांकडे मागितला नाही, सगळं खापर त्या 7 फूट 4 इंचवाल्याच्या माथी. महिनाभर मी त्याच्याशी बोललो नाही. वाईट वाटतं आता, पण नाही बोललो.

पुढच्या वर्षी त्याच माणसाने 25.2 पॉइंट आणि 12.2 रिबाउंडच्या सरासरीने देशात सर्वाधिक पॉइंट केले, सलग दुसऱ्यांदा सर्वोत्तम खेळाडू ठरला. टेनेसीविरुद्ध 40 पॉइंट, 16 रिबाउंड, आणि पर्ड्यू 1980 नंतर पहिल्यांदा फायनल फोरला, म्हणजे शेवटच्या चारात. फायनल 8 एप्रिल 2024 ची. दुपारी खग्रास सूर्यग्रहण, अर्धं गाव ते बघायला इंडियानापोलिसकडे गेलेलं, रात्री मॅच. कनेक्टिकटने फार शहाणपणा केला. ईडीला एकट्या डॉनव्हन क्लिंगनवर सोडला, त्याला घेऊ दिले तेवढे पॉइंट, पण बाहेरच्या शूटरना हलू दिलं नाही. पर्ड्यूच्या 60 पैकी 37 ईडीचे. पूर्ण मॅचमध्ये आमचे थ्री सात मारले, एक पडला. हरलो 75-60. रात्रीचे साडेअकरा वाजलेले, तिकडे पाडव्याची सकाळ. आईचा व्हिडिओ कॉल, मागे गुढी, "अरे पाडवा आहे आज, असा का बसलायस?" तिला काय सांगणार.

तर आता तुमच्या प्रश्नाकडे. त्या फायनलमध्येच अर्धं उत्तर आहे. पोस्टमध्ये, म्हणजे रिंगजवळ, पाठ लावून एकट्याने 37 केले तरी टीम हरू शकते, आणि एनबीएतल्या प्रत्येक कोचला हे गणित पाठ आहे. त्यामुळे तिथे कोणी नव्या सेंटरला बॉल देऊन "घे, खेळ" म्हणत नाही. कॉलेजात ज्याच्याभोवती पूर्ण टीम फिरायची त्याला तिथे सांगतात: स्क्रीन लाव (आपल्या खेळाडूच्या मागे लागलेल्याच्या वाटेत उभा राहा), रिंगकडे पळ, रिबाउंड घे, आणि बचावात गार्डच्या मागे धाव. वर नियमही वेगळे. कॉलेजात बचाव करताना रिंगखाली हवं तेवढं उभं राहता येतं, एनबीएत 2001 पासून कोणाला गार्ड न करता तीन सेकंदांच्या वर थांबलात की फाउल. पट्टा कॉलेजात 12 फूट, तिथे 16. थ्रीची लाइन आणखी मागे. शॉट क्लॉक, म्हणजे शॉट मारायला मिळणारा वेळ, 30 सेकंदांचा 24. पस्तीस-चाळीस मॅचचा सीझन 82 चा होतो. थोडक्यात माणूस तोच, नोकरी बदलते.

ही बदललेली नोकरी ज्याला जमते तो टिकतो. 2015 चा ड्राफ्ट (एनबीएच्या टीम नवे खेळाडू क्रमाने निवडतात तो) बघा, कार्ल-अँथनी टाउन्स पहिला, जलील ओकाफोर तिसरा. ओकाफोरची पोस्टमधली पावलं टाउन्सपेक्षा सुंदर होती, हे मी आजही म्हणेन. ड्यूककडून विजेतेपद, एनबीएत पहिल्याच वर्षी 17.5 ची सरासरी. पण बचावात पाय हलेनात, बाहेरून शॉट नाही, 2021 पर्यंत लीगच्या बाहेर. टाउन्सने 2022 मध्ये ऑल-स्टारची थ्री-पॉइंट स्पर्धा जिंकली, सेंटर असून.

2021 ते 24 सलग चार वर्षं कॉलेजचा सर्वोत्तम खेळाडू सेंटरच होता. लुका गार्झा, ऑस्कर शिब्वे, आणि दोनदा ईडी. गार्झा ड्राफ्टमध्ये 52 वा, शिब्वेला तर कोणी घेतलंच नाही. पण गार्झाने बाहेरचा शॉट घोटला, डेट्रॉइट, मिनेसोटा करत करत 2025 मध्ये बॉस्टनला पोचला. शिब्वे टू-वे कॉन्ट्रॅक्टवर (एनबीए आणि तिच्या खालची जी लीग, दोन्हीकडे खेळायचा करार) गेला, जी लीगमध्ये रिबाउंडचे ढीग लावले. गोन्झागाचा ड्रू टिमी, त्यालाही कोणी घेतलं नव्हतं, दोन वर्षं जी लीगमध्ये काढून 2025 मध्ये ब्रुकलिनकडून खेळला. यांना फ्लॉप म्हणणाऱ्यांना माझं एकच सांगणं, खेळून पोट भरतंय, जगातल्या पहिल्या चार-पाचशेत नाव आहे, आणि तुम्ही सोफ्यावर आहात.

आणि ईडी. अनेक मॉक ड्राफ्टमध्ये (ड्राफ्टआधीच्या अंदाजांच्या याद्यांत) तो पार खाली होता. मेम्फिसने नवव्या नंबरवर घेतला तेव्हा टीव्हीवरच्या तज्ज्ञांचे चेहरे पडले. पण मेम्फिसला माहीत होतं काय हवंय. त्यांच्याकडे आधी स्टीव्हन अॅडम्स होता, त्याचं काम स्क्रीन आणि सुटलेल्या शॉटचा रिबाउंड, ती जागा रिकामी होती. ईडीने पहिल्या वर्षी 66 मॅच, साधारण 21 मिनिटांत 9.2 पॉइंट आणि 8.3 रिबाउंड, ऑल-रुकी फर्स्ट टीम, म्हणजे नवोदितांच्या पहिल्या पाचात. फायनलमध्ये त्याला गार्ड करणारा क्लिंगन सातवा गेला पोर्टलंडला, तो सेकंड टीममध्ये. कॉलेजात 25 करणारा 9 वर आला म्हणून लोक नाक मुरडतात. मी म्हणतो 25 करणाऱ्या माणसाने मान खाली घालून 9 चं काम मनापासून केलं, हे जास्त अवघड आहे. मॅच बघताना बॉल सोडा, शॉट सुटला की ईडीचे पाय बघा. बॉल हवेत असतानाच तो कमरेने समोरच्याला ढकलत रिंगखालची जागा घेतो. तिथे उंची कामाला यायच्या आधी पाय आलेले असतात.

आता काही गोष्टी कबूल करायला हव्यात, नाहीतर कमेंटमध्ये येतीलच. एक, शरीर. एवढ्या वजनाला घोटे आणि गुडघे साथ देतीलच असं नाही. ईडीच्या घोट्याचं 2025 च्या उन्हाळ्यात ऑपरेशन झालं आणि मला त्याचीच खरी धास्ती आहे. ग्रेग ओडन 2007 चा पहिला पिक, पुढे सुपरस्टार झालेल्या केव्हिन ड्युरँटच्याही आधी, गुडघ्यांनी फक्त 105 मॅच खेळू दिल्या. जोएल एम्बीडची पहिली दोन वर्षं पायाने खाल्ली आणि तरी 2023 ला एमव्हीपी, म्हणजे लीगचा सर्वोत्तम खेळाडू झाला, म्हणजे दोन्ही बाजूंनी उदाहरणं आहेत. दोन, नुसती उंची असलेले खरंच नसतात असं मी म्हणत नाही. असतात. सिम भुल्लर 7 फूट 5 इंच, न्यू मेक्सिको स्टेटचा, 2015 मध्ये सॅक्रामेंटोकडून खेळला, भारतीय वंशाचा एनबीएतला पहिला खेळाडू, मला प्रचंड अभिमान वाटला होता, पण तीनच मॅच मिळाल्या. उंची तर त्याच्याकडे ईडीपेक्षाही जास्त होती, मग नुसत्या उंचीवर चालत असतं तर तो का नाही टिकला? हा प्रश्न मी दादाला विचारला होता, उत्तर आलेलं नाही.

तुमच्या घरात किंवा ओळखीत कोणी उंच पोरगं असेल आणि म्हणून विचारत असाल, तर त्याला सेंटर म्हणून रिंगखाली कोंडू नका, ड्रिबल आणि बाहेरचा शॉट पहिल्या दिवसापासून शिकवा, मला ते कोणी शिकवलं नाही आणि कॉलेजात गेल्यावर मी तिथेच अडकलो. पण डावी-उजवी शंभर रोज करून घ्याच. आणि घरातल्या कोणी "तुला काय, नुसता हात वर करायचा" असं म्हटलं तर त्याच्या हातात बॉल द्या, दोन्ही हात डोक्यावर ठेवायला लावा, आणि हनुवटीच्या खाली न आणता शंभर मोजायला सांगा. दादा, तू हे वाचशीलच. दिवाळीत पुण्याला येतोयस ना, कोर्ट अजून तिथेच आहे.