आयुष्यभर खेळलेल्या माणसाने थकत चाललेलं शरीर कसं स्वीकारावं?

तुम्ही प्रश्नाच्या तपशिलात लिहिलंय की वय ४७, शाळेपासून बॅडमिंटन, हल्ली क्लबातली कॉलेजची पोरं सहज हरवून जातात, सकाळी उठताना गुडघे धरतात आणि घरचे म्हणतात, "आता बास करा." या शेवटच्या तीन शब्दांसाठी मी लिहायला बसले आहे. एरवी बॅडमिंटनमधलं मला ओ की ठो कळत नाही.

मी खो-खोची. सांगलीकडची, वय ५७. राष्ट्रीय स्पर्धेला दोनदा महाराष्ट्राच्या संघात होते, त्यात एकदा राखीव. माझी सर्वांत चांगली पळती, म्हणजे बाद न होता पळत राहण्याची वेळ, ४ मिनिटं १० सेकंदांची. शेवटी खांबावर सूर मारून, म्हणजे अंग झोकून देऊन, काढलं मला, आणि मारणारीनं झकास मारला होता, तक्रार नाही. ही वेळ मला झोपेतून उठवून विचारली तरी सांगेन. लग्नाची तारीख विचारलीत तर क्षणभर थांबावं लागेल.

"आता बास" हे मी पहिल्यांदा २३ व्या वर्षी ऐकलं, साखरपुड्याच्या दिवशी. आमच्या संघातल्या बहुतेकींचं तेच झालं. पंचविशीच्या आत एकेक करून सगळ्या मैदानाबाहेर. कुणी विचारलं नाही की बाई, तुझ्या मनाची तयारी झाली का. पायात जोर असताना गेल्या बिचाऱ्या, त्यामुळे शरीर थकताना कसं वाटतं हे त्यांना खेळाडू म्हणून कळलंच नाही. मी थोरल्याला बालवाडीत घातल्यावर परत गेले. टपाल खात्यातली नोकरी, संध्याकाळी साडेसहाला मैदान, शाळेच्या पोरींबरोबर पळायचं. सासूबाई वर्षभर बोलल्या नाहीत. मग बोलायला लागल्या, पण त्या विषयावर नाही. असं चालू राहिलं ते थेट मार्च २०२० पर्यंत.

डिसेंबर २०२२ मध्ये शाळेनं माजी खेळाडूंचा मेळावा ठेवला आणि त्यात एक प्रदर्शनीय सामना, आम्ही काकवा विरुद्ध नववीच्या मुली. मी तेव्हा ५४ ची. आधी लॉकडाऊन, मग सासूबाईंचं अंथरुणाला खिळणं, असं करत पावणेतीन वर्षं एक फेरीसुद्धा पळाले नव्हते. आमचे हे म्हणाले, "मेळावा आहे ना? मग खुर्चीवर बस, टाळ्या वाजव, जिलबी खा आणि ये." मी काही बोलले नाही. ट्रॅक पँट पिशवीत घातली.

पळणाऱ्यांच्या दुसऱ्या तुकडीत उतरले. उतरताना त्यांच्या बाई पोरींना सांगताना कानावर आलं, "काकूंना जपून गं." तिथंच डोकं सणकलं. पुढचं सगळं त्या "जपून"मुळे झालं असं मी अजूनही म्हणते.

सुरुवातीचा अर्धा मिनिट काय सांगू! एकेरी साखळी, म्हणजे बसलेल्या एकेकीला वळसा घालत नागमोडी पळणं, आपोआप सुरू झाली. कुठली मुलगी खो घेताना आधी खांदा हलवते, कुठली नुसतीच आवाज करते, हे डोळ्यांना पहिल्या फेरीत कळलं. दमसासाची बोंब होती, पण पाय जुनेच होते. अनवाणी पायाला ती माती लागली आणि वाटलं, मधली सगळी वर्षं कुणीतरी उगाच घातली होती. खांबाजवळ आले, उजवीकडे हुल दिली आणि डावीकडे वळायला डावा पाय रोवला.

टक्.

मागून कुणीतरी टाचेच्या वर सणसणीत लाथ घातली. मी वळून त्या पोरीवर ओरडले, "लाथ कशाला मारतेस गं?" पोरगी चांगली दहा फूट लांब होती. तिचे डोळे भरून आले. मी तरी पंचांकडे हात करून फाऊल मागितला! पंच म्हणजे आमच्याच जुन्या संघातली, ती हसायला लागली, तिला वाटलं मी नाटक करतेय. मग मी डावा पाय टेकला. पायाखाली जमीन होती, पण पाऊल जमिनीला ढकलेना. खाली बसले आणि पहिला प्रश्न काय विचारला असेल? "किती झाले?"

"३८," आमचे हे म्हणाले. खुर्चीवर बस म्हणणारा माणूस दोरीपाशी उभं राहून मोबाइलवर वेळ लावत होता.

दवाखान्यात डॉक्टरांनी पालथं झोपवलं, पावलं टेबलाबाहेर लोंबती ठेवली आणि पोटऱ्या एकेक करून दाबल्या. उजवी दाबली की पाऊल हलायचं. डावी दाबली, काहीच नाही. टाचेची मोठी शीर, अकिलीस टेंडन म्हणतात ती, पूर्ण तुटली होती. लाथ बसल्यासारखं वाटणं आणि मागं वळून बघणं हे यात हमखास होतं म्हणे. त्या पोरीला मी नंतर घरी बोलावून माफी मागितली, पुरणपोळी घातली. ऑपरेशन, प्लास्टर, मग टाचेखाली पाचरी घातलेला तो अंतराळवीरासारखा बूट. पाच महिन्यांनी मला एका पायावर उभं राहून टाच एकदासुद्धा उचलता येत नव्हती. एकदा! जी बाई चार मिनिटं पळायची तिला.

आणि घरात येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला चहाबरोबर एक वाक्य मिळायचं. "मी हिला सांगत होतो."

आता माझी बाजू. माझी फिजिओ तिशीतली मुलगी, पण तिनं जे समजावलं ते आमच्या कुठल्या सरांनी समजावलं नव्हतं. स्नायू लवकर सुटतात आणि लवकर परतही येतात. टेंडनचं तसं नाही, ते भार सोसायला फार सावकाश शिकतं, महिनोन्‌महिने घेतं, आणि भार मिळणं बंद झालं की ती ताकद हळूहळू घालवतं. माझ्या डोक्याला खेळ आठवत होता, मांड्यांना आठवत होता, ती शीर मात्र पावणेतीन वर्षं नुसती स्वयंपाकघर ते बाथरूम करत होती. म्हणजे मी मोडले ते खेळल्यामुळे मोडले का? मी न खेळल्यामुळे मोडले. हे मी आमच्या ह्यांना लाइट बिलाच्या मागे चित्र काढून दाखवलंय. त्यांचं उत्तर, "म्हणजे न खेळता खेळलीस." यातही तथ्य आहे, पण हे त्यांना सांगायचं कारण नाही.

तीच फिजिओ म्हणाली की अशी शीर तोडून येणाऱ्यांत बॅडमिंटनवाले पुष्कळ. तुमच्याच वयाचे, आठवडाभर खुर्चीत आणि रविवारी पोरांशी सिंगल्स. तेव्हा हे तुम्हालाही लागू आहे.

"बास करा" म्हणणाऱ्यांना वाटतं की थांबणं फुकट असतं. थांबलेला माणूस ४७ वरच राहतो असा काहीतरी समज दिसतो. अहो, शरीर थकायचं ते थकणारच, पण बसून राहणाऱ्याचं जास्त वेगानं थकतं. वयाबरोबर आधी झटक्याचे स्नायू झिजतात, नेटाचे मागाहून. म्हणून तुमचा स्मॅश आधी गेला असेल आणि रॅली अजून टिकत असेल. बरोबर? माझंही तसंच, पळती बरी, पण सुरावर पोचणं गेलं. आम्हा बायकांचं तर पाळी गेल्यावर हाडांतलं कॅल्शियम भराभर उतरतं, आणि हाडाला टिकायला थोडे दणके लागतात, नुसत्या गोळ्यांनी भागत नाही. हे मी माझ्या नणंदेला २०१५ पासून सांगतेय. तिचं गेल्या वर्षी बाथरूममध्ये पडून मनगट मोडलं. ती कधीच काही खेळली नाही. तिला कुणी "मी सांगत होतो" म्हटलं नाही.

आता स्वीकारण्याचं. तुम्हालाही ते व्हिडिओ येत असतील. मन कौर आजी १०१ व्या वर्षी ऑकलंडला १०० मीटर पळून सुवर्णपदक घेतात, फौजा सिंग १०० व्या वर्षी टोरांटोची मॅरेथॉन पुरी करतात. दोघांना साष्टांग नमस्कार. पण आपल्याला त्यांचा उपयोग शून्य. मन कौर पळायला लागल्या ९३ व्या वर्षी, फौजा सिंग ऐंशी ओलांडल्यावर. त्यांच्याकडे विशीतली वेळच नव्हती तुलना करायला, जे पळाले ते सगळं कमाईत. आपल्याकडे मात्र ४ मिनिटं १० सेकंद आहेत. तुमच्याकडेही असणार काहीतरी, एखादी जिल्ह्याची फायनल, एखादा बॅकहँड. आपल्याला म्हातारपण सलत नाही हो, तो जुना आकडा सलतो.

माझं काय झालं ते सांगते, उपाय म्हणून नाही. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. मी अंतिम सामना टीव्हीवर बघितला, आपल्या मुलींनी नेपाळला ७८-४० असं हरवलं, प्रियांका इंगळे कर्णधार. मॅट, बूट, सात-सात जणी, आमच्या मातीतल्या नऊ जणींच्या खेळापेक्षा पुष्कळ वेगळं. बघताना सोफ्यावर बसल्या बसल्या माझ्या दोन्ही पोटऱ्या आवळत होत्या, प्रत्येक वळणाला. डावीसुद्धा! मला रडू आलं ते त्या जिंकल्या म्हणून, असं मी घरात सांगितलं.

त्यानंतर मी परत मैदानावर जायला लागले. सकाळी सहाला, पाटीवर, म्हणजे खो घेणाऱ्या मुलींच्या बसायच्या रांगेत, कुणी बसलेलं नसतं तेव्हा. एकटीच साखळी पळते, म्हणजे चालण्यापेक्षा जरा जास्त. घड्याळ नेत नाही. हा काही मोठा मनाचा विजय वगैरे नाही, नेलं तर बघितल्याशिवाय राहवत नाही म्हणून नेत नाही. आणि रोज दूध तापत ठेवलं की ओट्याला धरून एका पायावर टाचा उचलायच्या, उतू जायच्या आत २५. डाव्यावर अजून १९ होतात.

तर तुमचं उत्तर. खेळ सोडू नका. सिंगल्स सोडा, डबल्स खेळा, आणि जोडीदार तरुण घ्या, मागचं कोर्ट त्याला पळू दे. आठवड्यातून एकदा जीव तोडून खेळण्यापेक्षा तीनदा बेताचं खेळा. पाय आणि पोटऱ्यांचा वजनी व्यायाम आठवड्यातून दोनदा तरी हवाच. त्याला कंटाळा येतो, येऊ द्या. गुडघा नुसता वाजत असेल तर वाजू दे. सुजत असेल, अडकत असेल किंवा जिना उतरताना दगा देत असेल तर आधी हाडांच्या डॉक्टरांना दाखवा, इथं विचारत बसू नका. दुखणं दाबायची गोळी घेऊन कोर्टवर उतरायचं नाही, हे मी हात जोडून सांगते. घरच्यांना काय सांगायचं ते मला विचारू नका. मला ३४ वर्षांत जमलेलं नाही.

हे सगळं लिहून झाल्यावर आमच्या ह्यांनी चष्मा लावून वाचलं आणि विचारलं, "त्या अँटिबायोटिकचं का नाही लिहिलंस?"

तर तेही लिहिते. मेळाव्याच्या तीनेक आठवडे आधी मला लघवीच्या जळजळीसाठी एका डॉक्टरांनी सिप्रोफ्लॉक्सासिन दिलं होतं. त्या गटातल्या औषधांनी टेंडन दुखावू शकतं, क्वचित तुटूही शकतं, विशेषतः टाचेचं. अमेरिकेत २००८ पासून त्यांच्यावर तसा ठळक इशारा छापावा लागतो. मला देताना कुणी बोललं नाही, आणि खेळते का असं विचारलंही नाही. पन्नाशीच्या बाईला कोण विचारतंय! तेव्हा माझी शीर नक्की कशानं गेली हे छातीठोक सांगता येणार नाही. तुम्ही खेळत असाल तर गोळ्या घेताना डॉक्टरांना आपणहून सांगा, आणि सांगितल्याशिवाय मध्येच बंदही करू नका.

ह्यांचा हिशेब असा की निम्मी चूक गोळीची, निम्मी तुझी. मी म्हणते ती चूक कुणाचीही असो, ३८ पैकी पहिली ३५ सेकंदं मी बरोबर पळाले होते.