लेकीला जर्मनीला गायला बोलावलंय, पीएफ काढू का?

नाशिकच्या सातपूरमधल्या एका कंपनीत काम करणाऱ्या वडिलांचं पत्र आलंय. लेक २३ वर्षांची, बीकॉम झालेली, एका ऑफिसात अकाउंट्स बघते, आणि संध्याकाळी तिघांचा ग्रुप चालवते. ही गाते आणि पेटी वाजवते, एक मित्र संबळ, दुसरा बेस गिटार आणि लॅपटॉप. गाणी स्वतःची, गोंधळाच्या ठेक्यावर बांधलेली. त्यांना जर्मनीतल्या एका शोकेस फेस्टिव्हलचं सप्टेंबरचं आमंत्रण आलंय. मानधन नाही, दोन रात्रींचं हॉटेल देतायत, विमानाचं तुमचं तुम्ही बघा म्हणतायत. वडिलांनी खर्च काढलाय ५ लाख ४० हजार आणि विचारलंय, "ताई, पीएफ काढू की पर्सनल लोन घेऊ? पोरगी नोकरी सोडते म्हणतेय. सरकार अशा मुलांना काही देतं का?"

नमस्कार दादा,

पहिल्यांदा लेकीचं मनापासून कौतुक. पीएफला हात लावू नका आणि लोनही नको, हे आधीच सांगते म्हणजे आज रात्री तुम्हाला झोप लागेल. आता का ते सांगते, जरा लांबेल, पण पूर्ण वाचा आणि लेकीलाही वाचायला द्या.

शोकेस म्हणजे कॉन्सर्ट नाही हे आधी घरात सगळ्यांना नीट कळायला हवं. हॅम्बर्गला सप्टेंबरमध्ये रीपरबान फेस्टिव्हल होतो, इंग्लंडात ब्रायटनला मे महिन्यात ग्रेट एस्केप, अमेरिकेत ऑस्टिनला मार्चमध्ये साउथ बाय साउथवेस्ट जो १९८७ पासून चालू आहे, आणि जगभरच्या लोकसंगीतासाठी वोमेक्स, तो दरवेळी वेगवेगळ्या शहरात भरतो. या सगळ्यात तिकीट काढून येणारे श्रोते असतातच, पण खरी गंमत समोर उभ्या असलेल्या बुकिंग एजंट, फेस्टिव्हलवाले, गाणी काढणाऱ्या कंपन्यांचे म्हणजे लेबलवाले यांच्यात असते. तुमच्या कंपनीतले साहेब नाही का एक्झिबिशनला स्टॉल लावायला जातात, तिथे कुणी लगेच माल विकत नाही, कार्ड घेतात, सॅम्पल बघतात आणि ऑर्डर पुढे चार महिन्यांनी येते, तसंच हे. अर्धा-पाऊण तासाचं गाणं हे सॅम्पल. म्हणून मानधन नसणं यात फसवणूक नाही. पण "तुमची निवड झाली, आता दीड लाख भरा" असं कुणी म्हणालं तर मात्र ती मेल तिथेच डिलीट करा. अर्ज करतानाची छोटी फी वेगळी, बरेच नावाजलेले फेस्टिव्हल ती घेतात, निवड झाल्यावर स्टेजचे पैसे मागणं वेगळं. तुमच्या पत्रावरून तसं काही दिसत नाहीये, तरी आमंत्रणाची मेल मला फॉरवर्ड करा.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे असाच एक ग्रुप आला होता, मुलं गुणी होती आणि मीही उत्साहात "जा रे बिनधास्त" म्हणून बसले. एकाच्या आईने बांगड्या गहाण ठेवल्या. मुलं गेली, संध्याकाळी सहाच्या स्लॉटला वीसेक माणसांसमोर वाजवलं, कुणाशी भेट ठरवलेली नव्हती त्यामुळे उरलेले तीन दिवस शहर बघितलं आणि परत आली. वाजवण्यात काही कमी नव्हतं, तयारी कमी होती आणि ती करून घेणं माझं काम होतं. त्या बांगड्या सुटायला दोन वर्षं लागली, ते मला अजून लागून राहिलंय, म्हणून आता मी आधी भेटींची यादी मागते.

आता पैशाचं. इंटरनेटवर "शोकेस फंडिंग" शोधलं की सगळ्यात वर येतो तो ब्रिटनच्या पीआरएस फाउंडेशनचा इंटरनॅशनल शोकेस फंड. नेमका यासाठीच आहे, परदेशी शोकेसला आमंत्रण आलं की प्रवास, राहणं, व्हिसा याला मदत. पण तो ब्रिटनमध्ये राहून काम करणाऱ्या कलाकारांसाठी. तसंच कॅनडाचं फॅक्टर, ऑस्ट्रेलियाचं २००९ पासूनचं साउंड्स ऑस्ट्रेलिया, जर्मनीचं इनिशिएटिव्ह म्युझिक, सगळे आपापल्या पोरांना बाहेर पाठवतात, कारण तिथे गाणं हा एक्सपोर्टचा माल मानतात. आपली मुलं रात्र रात्र जागून हे फॉर्म भरतात आणि पहिल्याच अटीवर बाद होतात. लेकीला सांगा, यात वेळ घालवू नको.

आपल्याकडे काय? आयसीसीआर, म्हणजे भारतीय सांस्कृतिक संबंध परिषद, १९५० ची, मौलाना आझादांनी सुरू केलेली, आपले कलाकार बाहेर पाठवते. पण त्यासाठी आधी त्यांच्या पॅनेलवर नाव लागावं लागतं, आणि त्या प्रक्रियेला वेळ जातो, सप्टेंबरसाठी त्यावर विसंबू नका. अर्ज मात्र आत्ताच करून ठेवा, ऑफिस पुण्यालाही आहे, पुढच्या वेळी उपयोगी पडेल. सांस्कृतिक मंत्रालयाची तरुण कलाकारांसाठी स्कॉलरशिप आहे, वय १८ ते २५, महिन्याला ५ हजार, दोन वर्षं. लेक वयात बसते. पण ते पैसे पुढच्या शिक्षणासाठी असतात, तिकिटासाठी नाही. तिचं शास्त्रीय शिक्षण चालू असेल तर जरूर भरा, हा हिशोब वेगळा ठेवा. गटे इन्स्टिट्यूट, ज्याला आपण मॅक्स म्युलर भवन म्हणतो, त्यांचा को-प्रॉडक्शन फंड असतो, जर्मन कलाकारांबरोबर मिळून नवीन काही करायचं असेल तर. तिथे कुणाशी जुळलं तर पुढच्या वर्षीचा रस्ता तो.

एक चूक बऱ्याच जणांची होते, तुम्हीही कराल म्हणून सांगते. तुमच्या मनात येईल की आमच्या कंपनीच्या सीएसआरमधून, म्हणजे समाजकार्यासाठी बाजूला काढलेल्या पैशांतून, मिळेल. नाही मिळणार. पारंपरिक कलांना मदत सीएसआरमध्ये बसते, पण २०२१ च्या नियमांनुसार भारताबाहेर केलेला खर्च सीएसआर धरला जात नाही, सवलत आहे ती राज्याचं किंवा देशाचं प्रतिनिधित्व करणाऱ्या खेळाडूंच्या ट्रेनिंगला. एचआरचे साहेब नाही म्हणाले तर वाईट वाटून घेऊ नका, त्यांचे हात बांधलेले असतात. तेच पैसे मार्केटिंगच्या बजेटमधून मागता येतात, स्पॉन्सर म्हणून, बॅनरवर नाव, व्हिडिओत लोगो. आणि ते लेकीने मागावेत, तुम्ही नाही, कारण तुम्ही तिथे कामगार आहात आणि तुमचं मिंधेपण नको.

म्हणजे एकरकमी देणारा कुणी नाही, गोधडी शिवावी तसे तुकडे जोडावे लागतील. आधी गोधडी लहान करू. तुम्ही आठ रात्रींच्या हॉटेलचे १ लाख ६० हजार धरलेत, म्हणजे रात्रीचे २० हजार. दोन रात्री तर ते देतायत, त्या तुम्ही वजा केल्याच नाहीत, आणि आठ रात्री कशाला, पाच बास. तीन रात्रींचे ६० हजार, वाचले एक लाख. जास्तीच्या सामानाचे ४० हजार लिहिलेत, त्यात अँप न्यायचा आहे असं दिसतंय. फेस्टिव्हलला विचारा बॅकलाइन, म्हणजे स्टेजवरचं तयार सामान, काय देता, अँप, ड्रम, स्टँड सहसा तिथे असतात, फक्त पेटी, संबळ आणि गिटार न्यायची. आणि संबळ कृपा करून नुसत्या कापडी पिशवीत चेक-इनला टाकू नका. मी एका गोंधळी काकांना प्रवासाला निघताना बघितलंय, दोन्ही भांड्यांच्या मध्ये जुन्या लुगड्याची घडी, वरून गोधडी, वाकड्या तोंडाची काडी वेगळी टॉवेलात गुंडाळलेली, आणि पान, म्हणजे वरचं कातडं, उतरलं तर म्हणून वादीचा एक जास्तीचा गुंडाळा खिशात. त्या मित्राला हे सांगा. एअरपोर्टवर निघतानाच वाद्यांचं कस्टमचं एक्सपोर्ट सर्टिफिकेट करून घ्या म्हणजे येताना ड्युटीचा प्रश्न येत नाही.

फेस्टिव्हलला लिहिताना अजून तीन गोष्टी मागा: तिसऱ्या रात्रीचं हॉटेल, शहरातला बस-ट्रेनचा पास, आणि तिघांना डेलिगेट बॅज. बॅजशिवाय त्या भेटीगाठीच्या हॉलमध्ये पाऊल टाकता येत नाही. मागायला लाजू नका, फार तर नाही म्हणतील.

मग कमाई. सप्टेंबर म्हणजे गणपतीच्या आसपासचे दिवस, आणि जर्मनीतल्या बऱ्याच शहरांत आपली मराठी मंडळं आहेत, ती शनिवार-रविवार बघून कार्यक्रम ठेवतात. लेकीने आजच मेल लिहावी, आम्ही तुमच्या देशात येतोच आहोत, विमानाचा खर्च तुमच्यावर नाही, फक्त मानधन आणि एक रात्र. कुठल्याही मंडळाला हे परवडतं. बर्लिनला आयसीसीआरचं टागोर सेंटर आहे, तिथेही लिहावं. असे दोन कार्यक्रम मिळाले तर एका तिकिटाचा तरी भार हलका होतो. पण हे व्हिसाच्या अर्जात खरं खरं दाखवायचं, शोकेसचं पत्र, मंडळाचं पत्र, कोण किती देणार ते सगळं. टुरिस्ट म्हणून जाऊन गुपचूप वाजवणं अजिबात नको, एकदा शिक्का लागला की तिचं पुढचं सगळं अडतं. शेंगेन व्हिसाची फी जून २०२४ पासून मोठ्या माणसाला ९० युरो आहे, तिघांचे २७०, शिवाय सेंटरचा चार्ज आणि किमान ३० हजार युरोचं कव्हर असलेला ट्रॅव्हल इन्शुरन्स. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, शेवटच्या पंधरा दिवसांवर ठेवू नका. बोटांचे ठसे द्यायला तिघांनाही जावं लागेल, सकाळची पंचवटी एक्सप्रेस धरून मुंबईला जाऊन या.

नाशिकमध्ये जायच्या आधी एक कार्यक्रम करा, साईखेडकर नाट्यगृहात किंवा कॉलेज रोडच्या एखाद्या छोट्या जागेत, तिकीट लावून. फुकट पास वाटू नका. २०० माणसं ३०० रुपयांनी आली तर ६० हजार, हॉल आणि साउंड वजा जाता जे उरेल ते. पण माझ्या मते त्याहून मोठं म्हणजे तो पाऊण तासाचा सेट लोकांसमोर घासून होतो आणि चांगला व्हिडिओ हातात येतो. गायक विष्णू दिगंबर पलुस्कर इथे राहिलेत, पंचवटीत त्यांचा आश्रम होता, आणि तिकीट काढून गाणं ऐकायची सवय त्यांनीच तर लोकांना लावली, नाशिककर येतील.

अजून एक, जे पोरं हमखास विसरतात. गाणी स्वतःची आहेत ना? मग लेकीने जायच्या आधी आयपीआरएसची मेंबर व्हावं, १९६९ पासूनची आपली संस्था आहे, गीतकार आणि संगीतकारांच्या रॉयल्टीची, आणि तिथे प्रत्येक गाणं रजिस्टर करावं. जर्मनीत गाणं वाजलं की आयोजक तिथल्या गेमा नावाच्या संस्थेला पैसे भरतात, अशा संस्थांचे एकमेकींशी करार असतात, आणि कलाकाराने गाण्यांची यादी लिहून दिली असेल तर तो वाटा फिरत फिरत इकडे येतो. रक्कम लहान असेल आणि वेळही लागेल, पण हक्काची आहे. कार्यक्रम संपल्यावर सेटलिस्टचा फॉर्म भरल्याशिवाय तिथून निघायचं नाही, हे तिच्या फोनमध्ये रिमाइंडर लावून ठेवा.

नोकरी सोडू देऊ नका. दहा दिवसांची बिनपगारी रजा मागू दे, नाही मिळाली तर तेव्हा बोलू. आणि दादा, ती अकाउंट्स बघते ही या ग्रुपची मोठी ताकद आहे, बऱ्याच बँडमध्ये हिशोब ठेवणारं कुणी नसतं म्हणून ते फुटतात.

तुम्ही स्वतः द्यायचं तर एक आकडा ठरवा जो परत आला नाही तरी घर हलणार नाही, तिच्या व्हिसा आणि इन्शुरन्सपुरता म्हणा, आणि तो आकडा तिला स्पष्ट सांगा. बाकी दोघांच्या घरच्यांनाही बोलवा, सगळा भार तुमच्याच डोक्यावर का? जुलैच्या १५ तारखेपर्यंत तिकिटांचे पैसे जमले नाहीत तर फेस्टिव्हलला सरळ मेल करायची की यावर्षी जमत नाही, पुढच्या वर्षी विचार करा. वेळेत कळवलेलं ते लोक समजून घेतात, ऐनवेळी न जाणं मात्र लक्षात ठेवतात.

येत्या रविवारी तिघांना घेऊन माझ्याकडे या, सकाळी ११ नंतर कधीही. येताना लेकीला पंधरा नावं लिहून आणायला सांगा, त्या फेस्टिव्हलला येणारे कोणकोण तिला भेटायचे आहेत आणि का, प्रत्येकापुढे एक ओळ. डेलिगेटची यादी आली नसेल तर मागच्या वर्षीचे वक्ते आणि एजंट साइटवर सापडतील. आणि संबळ आणा, मला ऐकायचंय.